अर्धा दिवस शाळा, उरलेले शिक्षण घरी

आठवड्यातल्या एखाद्या सकाळी मंडळात गेलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अकरा वाजता हा इथे कसा? शाळा सोडली का?" विचारणारे आपुलकीनेच विचारतात. पण आरतीच्या गडबडीत, हातात प्रसादाचा द्रोण धरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. दोन वाक्यांत सांगायला जावे तर "म्हणजे नापास झाला का?" इथपर्यंत गोष्ट जाते. म्हणून एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले.

आम्ही म्हणजे बडोद्यातल्या आपल्याच मंडळातली तीन कुटुंबे. तिन्ही घरी ऑटिझम असलेले एक एक मूल आहे. थोरला मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ११ वर्षांची आणि धाकटा ८ वर्षांचा. मुलांची नावे इथे देत नाही. मोठी झाल्यावर ती सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवावे. तिघांची नावे शाळेच्या पटावर आहेत किंवा होती, पण तिघांपैकी कोणीही पूर्ण वेळ शाळेत बसलेले नाही. उरलेले शिक्षण घरी होते.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द आम्हाला फारसा पटलेला नाही. आमची मुले स्वतःत मग्न नसतात. उलट बाहेरचे सगळे एकाच वेळी त्यांच्या आत येते, आणि त्यातले काय ऐकायचे आणि काय सोडून द्यायचे, ही निवड आपल्यासारखी आपोआप होत नाही. हा आजार नाही, मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे. आईबापांनी लाड केल्याने, टीव्ही दाखवल्याने किंवा घरात दोन भाषा बोलल्याने तो होत नाही. हे लिहावे लागते, कारण तिन्ही घरांनी हे तिन्ही आरोप ऐकले आहेत.

आता शाळेविषयी. धाकटा पहिलीत असताना बाई सांगायच्या, "वर्गात काही त्रास नाही हो, अगदी शांत बसतो." आणि तोच मुलगा दीड वाजता घरी आला की दप्तर फेकून पलंगाखाली शिरायचा. संध्याकाळपर्यंत रडणे, कान दाबून धरणे, जेवण नाही. आम्हाला वाटायचे, घरी आमचेच काहीतरी चुकते आहे. पुष्कळ महिन्यांनी लक्षात आले की शाळेतले ते शांत बसणे हेच त्याचे दिवसभराचे कष्ट होते. प्रार्थनेचा भोंगा, घंटा, पंखे, शेजारच्याच्या पेनाची टिकटिक, मधल्या सुट्टीत चाळीस डब्यांचा एकत्र वास. हे सगळे तो सहा तास सहन करायचा आणि घराचा उंबरठा ओलांडला की त्याची ताकद संपायची. अशा मुलाला घरी आणून पुन्हा गृहपाठाला बसवणे म्हणजे काय असते, ते आम्ही वर्षभर करून पाहिले आहे.

त्यावर एका समुपदेशक बाईंनी सांगितलेला एक साधा उपाय आम्ही इतरांनाही सांगतो: एक वही घाला. महिनाभर रोज तीन ओळी लिहायच्या. किती वाजता काय झाले, त्याआधी काय चालले होते, नंतर किती वेळाने शांत झाला. शक्य असेल तर वर्गातल्या बाईंनाही दोन शब्द लिहायला सांगायचे. महिन्याच्या शेवटी आमच्या वहीत स्पष्ट दिसले की पहिले तीन तास मुलाचे चांगले जात होते. गणितात उत्तरे देत होता, एका मुलाशेजारी आवडीने बसत होता. मधल्या सुट्टीनंतर मात्र सगळे कोसळत होते. म्हणजे शाळा नको होती असे नाही, मधल्या सुट्टीनंतरची शाळा नको होती. आम्ही मुख्याध्यापिकांना ती वहीच नेऊन दाखवली. "आमच्या मुलाला त्रास होतो" या वाक्यापुढे सगळे मान हलवतात आणि काहीच होत नाही. वहीतल्या वेळा पाहिल्यावर बोलणे वेगळे झाले. आता धाकटा प्रार्थना संपल्यावर वर्गात जातो आणि मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटे आधी निघतो.

हीच व्यवस्था मुलीला चालली नाही. रोज मधूनच उठून जाणे तिला अपमानाचे वाटायचे, शिवाय "तू कुठे चाललीस?" या प्रश्नाला रोज उत्तर द्यावे लागायचे. तिच्यासाठी आठवड्यातले तीन दिवस पूर्ण शाळा आणि तीन दिवस घर असे ठरले. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळा. कालनिर्णयच्या पानावर आदल्या महिन्यातच ती शाळेच्या दिवसांना हिरवी खूण करून ठेवते. खूण केल्यावर मात्र कोणी ऐनवेळी बदल केलेला चालत नाही, मग तो कलेक्टरांनी पावसाची सुट्टी जाहीर केल्यामुळे असला तरी! थोरल्याचे गणित आणखी वेगळे, ते पुढे येईल. सांगायचे एवढेच की अर्धी शाळा म्हणजे घड्याळाचे दोन समान तुकडे नव्हेत. कुठे कापायचे ते मुलाकडे बघून ठरवावे लागते.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी केलेली चूक म्हणजे घरी दुसरी शाळा उघडली. फळा आणला, तासांचे वेळापत्रक भिंतीला लावले, एका घरी तर छोटी घंटासुद्धा होती. पंधरा दिवसांत मुले आणि आम्ही, दोन्ही पक्ष थकले. मग हळूहळू कामाची वाटणी उमगली. जे चार मुलांशिवाय शिकता येत नाही ते शाळेचे: आपली पाळी येईपर्यंत थांबणे, गटात चित्र काढणे, दुसऱ्याच्या चुकीवर न ओरडणे, पी.टी., विज्ञानाचे प्रयोग. जे गर्दीत शिकता येत नाही ते घरचे: वाचन, लेखन, गणितातली नवी पायरी. आणि ज्याला शाळेत तासच नसतो तेही घरचेच: शर्टाची बटणे, आंघोळ, कुकर लावणे, दुकानातून सुटे पैसे मोजून घेणे, रस्ता ओलांडणे, रागावलो आहोत हे ओरडण्याऐवजी कार्ड दाखवून सांगणे. परीक्षेत याला गुण नाहीत, पण पुढचे आयुष्य याच्यावर चालणार आहे.

घरचा अभ्यास रोज दीड ते दोन तास, त्याहून जास्त नाही. बाहेरच्यांना हे फार कमी वाटते. पण एकास एक बसून झालेले दीड तास म्हणजे वर्गातला अख्खा दिवस असतो. शिवाय मुलाच्या आवडीच्या वाटेने गेले तर वेळ आणखी कमी लागतो. थोरल्याला आगगाड्यांचे वेड. वेळ वजा करण्याचे गणित त्याला पुस्तकातून दोन वर्षे आले नाही. बडोदा स्टेशनाचे वेळापत्रक समोर ठेवल्यावर पंधरवड्यात आले. गाडी २२:५० ला सुटून ०५:२० ला पोहोचत असेल तर प्रवास किती तासांचा, हे तो आता आमच्याआधी सांगतो. धाकट्याला मोठी जनावरे आवडतात. घरी राहण्याचा एक फायदा असा की सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गर्दी नसताना जाता येते. तिथल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याच्या शेजारून पावले मोजत चालत तो लांबी मोजायला शिकला. पहिल्या खेपेला आम्ही दहा मिनिटांत बाहेर आलो होतो, हेही सांगायला हवे. सहाव्या खेपेला तासभर थांबला.

आता भाषेविषयी, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न विशेष छळतो. घरी मराठी, शाळेचे माध्यम इंग्रजी, विषय म्हणून हिंदी, आणि २०२३ च्या कायद्यानुसार गुजरातमधल्या सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची. चार भाषा आणि तीन लिप्या. मुलगी तीन वर्षांची असताना तिला बोलायला उशीर होतो आहे म्हटल्यावर एका तज्ज्ञांनी सांगितले, घरात फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळते आहे. आम्ही आठ महिने ते पाळले. घरात आम्ही दोघे तुटक इंग्रजीत "कम, सिट, ईट" म्हणायचो. आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या नातीशी बोलायच्याच थांबल्या. दुपारभर जिच्या मांडीवर मूल असायचे तीच व्यक्ती मुकी झाली. मुलीचे इंग्रजी वाढले नाहीच, जी वीसेक मराठी अक्षरे आणि शब्द होते तेही कमी झाले.

नंतर दुसऱ्या स्पीच थेरपिस्टनी आम्हाला उलटे सांगितले, आणि आजवरचा अभ्यासही तेच सांगतो: घरात दोन भाषा असल्याने ऑटिझम असलेल्या मुलाच्या भाषेचे नुकसान होते असे आढळलेले नाही. ज्या भाषेत आपण सहज, भरभरून, रागावून, लाडाने बोलतो तीच मुलाला जास्त देते. आजी पुन्हा बोलू लागल्या. मुलगी आता मराठीत भांडते आणि इंग्रजीत गणित करते. गुजराती वाचायला ती आपली आपणच शिकली, दुकानांच्या पाट्यांवरून. तिच्या मते गुजराती म्हणजे छप्पर काढलेले मराठी. शिरोरेषेचे एवढे चांगले वर्णन आम्हाला सुचले नसते.

बोलीभाषा चार असल्या तरी परीक्षेच्या भाषा चार असण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांच्याबरोबर दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शाळेला हे माहीत नसू शकते. आमच्या एका शाळेला नव्हते. भांडण न करता कलमाची छापील प्रत अर्जासोबत जोडली आणि मुलीची एक लेखी परीक्षा कमी झाली.

कायद्याची बाकीची बाजूही थोडक्यात सांगतो. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्या गावात शाळेत कमी जाण्याविषयी लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते! पण अर्धवेळ शाळा असा शब्द आपल्याकडच्या कायद्यात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या अधिनियमात ऑटिझमचा २१ दिव्यांगत्वांमध्ये समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. कलम १६ प्रमाणे शासनमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आहेत. आमची अर्धवेळ व्यवस्था याच "वाजवी सोयी"च्या आधाराने, मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीने चालते. दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी होते. त्यात साधारणपणे ४० प्रश्नांची आयसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात. दाखल्याबरोबर यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे, पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात. दाखला काढायला नातेवाईक विरोध करतात, "शिक्का बसेल" म्हणतात. आम्हीही एका घरी दोन वर्षे याच भीतीत घालवली. शिक्का आधीच बसलेला होता, मस्तीखोर आणि ढ असा. दाखल्याने तो निघाला.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे. अर्धी शाळा पालकांनी मुलासाठी मागितली तर ती सोय असते. शाळेने स्वतःच्या सोयीसाठी लादली तर ती हकालपट्टी असते, फक्त हळूहळू केलेली. थोरल्याच्या बाबतीत हे घडले. त्याच्या शाळेतून फोन यायचा, "आज जरा अस्वस्थ आहे, घेऊन जा." सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग रोज. आम्हाला ते शाळेचे मोठे मन वाटायचे. सहा महिन्यांनी कळले की क्रीडादिन झाला, सहल जाऊन आली, वर्गाचा फोटोही निघाला. एकाही वेळी त्याला कळवले नव्हते. वर्गाच्या फोटोत तो नाही. ती जागा पुढे कशानेच भरून निघाली नाही.

म्हणून आता आमच्या पत्रात चार गोष्टी असतातच. कोणत्या वेळात मूल शाळेत असेल आणि ते कोणाच्या मागणीवरून ठरले. हजेरी कशी लावली जाईल. सहल, स्नेहसंमेलन, क्रीडादिन यांत मूल वर्गासोबत असेल आणि त्याची सूचना आठवडाभर आधी मिळेल. आणि दर सत्राच्या शेवटी एकत्र बसून वेळ वाढवायचा की तसाच ठेवायचा ते ठरेल. शेवटचा मुद्दा लिहिला नाही तर अर्धा दिवस हा कायमचा अर्धा दिवस होऊन बसतो. धाकट्याचा वेळ मागच्या दिवाळीनंतर पाऊण तासाने वाढला आहे. आता तो मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून डबा खातो आणि एक तास जास्त थांबतो.

हजेरीचा प्रश्न खालच्या वर्गांत सुटतो, पुढे अडतो. सीबीएसईत दहावी आणि बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणासारख्या कारणांसाठी सूट मागता येते, पण तिच्या भरवशावर दोन वर्षांचा बेत आखता येत नाही. म्हणजे आठवीपर्यंत निभावलेल्या व्यवस्थेचा नववीच्या आधी विचार करावाच लागतो. थोरल्यासाठी आम्ही एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग घेतला. दहावीला तिथे १४ वर्षे पूर्ण लागतात. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, आणि तीही मराठी घेता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते, तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एका खेपेला एक किंवा दोनच विषय दिले तरी चालतात. पाचही विषयांचे ओझे एकाच मार्च महिन्यात ज्याला पेलत नाही त्याच्यासाठी ही सर्वांत मोठी सवलत आहे. त्याने पहिल्यांदा चित्रकला आणि डेटा एन्ट्री हे विषय निवडले आहेत. मात्र शाळा सुटल्यावर चार मुलांतला वावरही सुटला. हे आम्ही आधी पुरेसे धरले नव्हते.

खर्चाचे खरे काय ते सांगावे. तिन्ही घरांत एका व्यक्तीने नोकरी सोडली किंवा अर्धी केली. दोन घरी आईने, एका घरी बाबांनी. शाळेची फी अर्धी होत नाही. स्पीच थेरपी, ओटी, स्पेशल एज्युकेटर यांचे पैसे वेगळे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही काही खर्च धरतात. आयकरातही वजावट आहे. या दोन्हींचा हातभार लागतो, पण गेलेला पगार भरून येत नाही. ज्या घरी दोघांनाही नोकरी करावी लागते आणि आजी-आजोबा जवळ नाहीत, त्यांना "घरी शिकवा की" असा सल्ला कृपया कोणी देऊ नये. त्यांच्यासाठी चांगली पूर्णवेळ शाळा, वर्गात मदतनीस आणि शाळेतच एखादी शांत खोली, हे मागणे जास्त योग्य आहे.

आपल्या मंडळाकडून आम्हाला काय हवे, असे कार्यकारिणीने विचारले होते. मुलांना भेटल्यावर "ओळख पाहू मी कोण?" हा प्रश्न विचारू नये. ओळखले असले तरी ते सांगता येत नाही, आणि मग पूर्ण भेट बिघडते. त्याऐवजी आपले नाव सांगावे. उत्तराला दहा सेकंद लागतील, तोपर्यंत थांबावे. गाल ओढू नयेत. ढोल-ताशाचे पथक किती वाजता येणार हे आधी कळवले तर आम्ही तेवढा वेळ बाहेर फिरून येतो. गेल्या वर्षी गणपतीत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्पीकरशिवाय, फक्त टाळ-झांजांची एक छोटी आरती ठेवली होती. तिथे आमची तिन्ही मुले अथर्वशीर्ष संपेपर्यंत बसली. त्या आरतीला आजी-आजोबा मंडळीच जास्त आली, त्यांनाही मोठा आवाज नकोच होता म्हणे. यंदाही ती ठेवली आहे.

आणि थोरल्याला चार माणसांत वावरायला जागा हवी होती, ती मंडळाच्या वाचनालयाने दिली. दर शनिवारी दहा ते बारा तो टेबलाशी बसतो, परतीच्या पुस्तकांवर शिक्का मारतो आणि ती कपाटात क्रमाने लावतो. नमस्काराला उत्तर कदाचित येणार नाही. पुस्तक उशिरा आणले असेल तर किती दिवस उशीर झाला आणि दंड किती, हे मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने सांगेल. तो हिशोब चुकत नाही, तेव्हा सुटे पैसे घेऊन यावे.